किनाऱ्यावरचं माणूस

४ डिसेंबर

आज कसबा पेठेत रंगरावांकडे जाऊन आले. जिन्याखालच्या जागेत त्यांचं छत्री दुरुस्तीचं दुकान आहे. मोडक्या छत्र्यांचं कापड मागितलं तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "डिसेंबरात छत्रीचं कापड मागणारं गिऱ्हाईक चाळीस वर्षांत पहिलंच. पाऊस काय तुम्हाला कळवून येतो?"

मी सांगितलं, मुलगी समुद्रावर सहली नेणार आहे, त्यांच्यासाठी पिशव्या शिवायच्यात.

"पुण्यातून समुद्रावर. बरं. आणि बसनं?"

"कयाकनं. म्हणजे एका माणसाची लांबट होडी. वल्ह्यानं चालवायची."

"एकट्यानं बसायचं, एकट्यानंच वल्हवायचं. मग बरोबर जायचं कशाला?" असं म्हणून त्यांनी एक गठ्ठा कापड दिलं. वर एक लाल छत्री आख्खीच दिली. दांडा गेलाय, म्हणाले.

प्रश्न मात्र त्यांनी चांगला विचारला. मी कल्याणीला विचारला. ती म्हणाली, "आई, एकटं बसलेलं माणूस उलटलं तर सरळ करायला दुसरं लागतं ना."

१४ डिसेंबर, रविवार

आज धरणाच्या पाण्यावर तालीम होती. मी डबा घेऊन गेले होते. कल्याणीची भागीदार अवनी सगळ्यांना शिकवते. ती आणि कल्याणी एकाच कंपनीत कामाला आहेत, शनिवार-रविवार हे. त्यांचा नियम असा, की ज्याला समुद्रावर यायचंय त्यानं आधी इथे शांत पाण्यात मुद्दाम होडी उलटी करायची, डोकं खाली असताना बाहेर पडायचं आणि दुसऱ्याच्या मदतीनं परत चढून बसायचं. तीनदा. नाही केलं तर घरी.

माझं सगळं लक्ष होडीच्या परकराकडे. रबरी परकरच आहे तो! कमरेला घालायचा आणि खालचा घेर होडीत बसायच्या भोकाच्या कडेला ताणून बसवायचा, म्हणजे लाट आत येत नाही. पुढे एक पट्टी असते, ती ओढली की घेर सुटतो आणि माणूस बाहेर. ही पट्टी बाहेर राहिली पाहिजे.

आप्पासाहेब म्हणून बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, साठीचे, टापटिपीचे. अवनी सांगत होती तेव्हा "कळलं, कळलं" म्हणत होते. बसल्यावर ती पट्टी त्यांना लोंबताना दिसली, म्हणून त्यांनी ती नीट आत खोचली. शर्ट खोचतात तशी. मी काठावरून ओरडले, "अहो, पट्टी!" कल्याणीनं लगेच त्यांची होडी धरली. आप्पासाहेब मला म्हणाले, "आपण कयाकिंग शिकवता का?" मी म्हटलं, "नाही. फॉल-पिको करते."

घरी आल्यावर त्या लाल छत्रीचं कापड कापून सगळ्या परकरांच्या पट्ट्यांना मुठीत मावेल असा मोठा लाल फासा शिवला. आता कुणाला खोचायची इच्छा झाली तरी मावणार नाही.

एक लिहायचं राहिलं. पाण्यात उतरण्याआधी कल्याणीनं तिचा फोन माझ्या हातात दिला. "वाजला की उचल. कुणाचाही असो." दोन वर्षं झाली, ती फोनचा आवाज कधीच बंद करत नाही. ऑफिसातसुद्धा. त्यावरून बोलणीही खाते.

२० डिसेंबर

अवनी जेवायला होती. किनाऱ्यावर राहायचे नियम सांगत होती. शेकोटी नाही, छोटा स्टोव्ह. नेलेलं सगळं परत आणायचं, संत्र्याचं सालसुद्धा. मी म्हटलं, साल कुजतं की. "काकी, कुजतं, पण तिथे संत्र्याचं झाड नाहीये ना. मग ते तिथलं नाही." हे मला पटलं. पोटातलंही परत आणायचं, त्यासाठी वेगळा डबा. हे ऐकून मी भाजी वाढायची थांबले.

या दिवसांत कासविणी अंडी घालायला वर येतात, पांढरा उजेड दिसला की भांबावतात. म्हणून बॅटऱ्यांना लाल कापडाच्या टोप्या. त्याही मीच शिवल्या.

"थोडक्यात काय काकी, सकाळी निघाल्यावर कुणाला कळता कामा नये की इथे कुणी होतं."

मी दाराकडे बघितलं. तिथे यांच्या चपला आहेत. दोन वर्षं तिथेच आहेत, मी त्यांच्या कडेनं झाडते. समुद्राला जमत असेल, मला नाही जमत.

२ जानेवारी

मला काम मिळालं.

प्रत्येक सहलीचा एक कागद करायचा. कोण गेलंय, कुठून निघणार, कुठे उतरणार, किती वाजता. तो कागद पाण्यावर न जाणाऱ्या माणसाकडे ठेवायचा. त्या माणसाला अवनी इंग्रजीत काही म्हणते, कल्याणीनं कागदावर लिहिलंय "किनाऱ्यावरचं माणूस". ते मी. कर्वेनगरच्या दुसऱ्या मजल्यावरचा किनारा.

ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात त्यांचा फोन आला पाहिजे. आणखी अर्धा तास वाट बघायची. तेवढ्यात नाही आला, तर मी उतरायच्या गावातल्या तांडेलमामांना फोन करायचा. त्यांची मोटारहोडी आहे. पुढच्या अर्ध्या तासात त्यांनाही दिसले नाहीत तर सागरी पोलीस.

"आणि आई, विचार करायचा नाही. काय झालं असेल, कुठे थांबले असतील, काही नाही. घड्याळ बघायचं आणि फोन करायचा."

"आणि तुम्ही मजेत चहा पीत असलात तर?"

"तर माझी फजिती होईल. होऊ दे."

कागद घरात आल्यापासून मी तो तीनदा वाचलाय. बऱ्याच दिवसांनी काही तीनदा वाचलं.

५ जानेवारी

झोप येईना म्हणून पहाटे उठून लिहितेय. वहीत लिहायचं तर खरं लिहावं.

मी सातवीपर्यंत शिकले. वाचायची गोडी यांनी लावली. लग्नानंतर वर्ध्याहून पुण्याला आलो, हे पाटबंधाऱ्यात कारकून. भीमराव म्हणजे ऑफिसात कडक आणि घरी पुस्तकवेडे. दर शनिवारी माझं पुस्तक बदलून आणायचे, शनिवार पेठेतल्या वाचनालयातून. त्या शनिवारीही तेवढ्यासाठीच गेले. "तासाभरात येतो," म्हणाले.

तास झाला, दीड झाला. मी म्हटलं, गप्पा मारत बसले असतील. कुणीतरी भेटलं असेल. मागून फोन केलेला त्यांना आवडायचा नाही. आणि माझ्या हातात दुसरं पुस्तक होतं, त्यात पुढे काय होतंय ते मला बघायचं होतं. अडीच तास मी वाचत होते. ते नदीजवळच्या एका बाकावर बसले होते. लोकांना वाटलं, डुलकी लागलीय. मांडीवर माझं पुस्तक होतं.

डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी सांगता आलं नसतं. "सांगता आलं नसतं" एवढंच म्हणाले.

त्यानंतर गोष्टीचं पुस्तक उघडलं नाही. वाण्याची बिलं वाचते, औषधावरचे कागद वाचते, आता सहलीचा कागद वाचते. यांचा फोन कल्याणीनं ठेवून घेतला. मध्ये फोटो बघायला मागितला तर म्हणाली, बिघडलाय.

११ जानेवारी

तांडेलमामांना फोन केला. म्हटलं, वेळ पडण्याआधी ओळख असावी. माणूस बोलका आहे. मी विचारलं, भरतीची वेळ तुम्हाला कशी कळते?

"वहिनी, दिनदर्शिका आहे ना भिंतीला? त्यातली तिथी घ्या. तिला पाऊण लावा. तेवढे वाजता भरती. त्यानंतर सहा तासांनी सुकती, म्हणजे पाणी पार उतरलेलं."

"म्हणजे अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा. सहा वाजता?"

"शिकलात की. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. थोडं इकडेतिकडे होतं, पण समुद्र काय ऑफिसला जात नाही."

दिवसभर मी घरात पाऊण लावत फिरतेय. पौर्णिमेला सव्वाअकरा. पंचमीला पावणेचार. आमच्या घरी तिथी कुणी पाळत नाही, हे तर मुळीच नाही. दिनदर्शिका दुधाचे खाडे मांडायला होती. आणि इतकी वर्षं भिंतीवर समुद्र टांगलेला होता. यांना सांगायला हवं होतं. ते म्हणाले असते, "सुंदरा, पुरावा दाखव." मग दोघांनी बसून पडताळा घेतला असता.

२२ जानेवारी

पहिली सहल परवा निघायची होती. सगळं भरून झालं होतं. कल्याणीनं पुढे ढकलली. शनिवारपासून वारा वाढणार आहे. चार पाहुण्यांपैकी आप्पासाहेबांनी फोनवर मोठ्यांदा विचारलं, "वारा तर नेहमीच असतो. समुद्र आहे तो." मला स्वयंपाकघरात ऐकू आलं.

कल्याणी म्हणाली, "हो काका. आणि तो पुढच्या आठवड्यातही असणार आहे."

आता ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारी. गाडी बदलली, परवानगी बदलली, पाहुण्यांना कळवलं. कागदही नवा करायचा होता, तो माझ्या अक्षरात मी केला. तारखा बदलल्या, बाकी जसंच्या तसं उतरवलं. रविवारी दुपारी साडेचारला खाडीतून आत येऊन गावच्या धक्क्यावर उतरणार. अक्षर चांगलं आलंय.

३१ जानेवारी, शनिवार

पावणेसहाला फोन आला. पंधरा मिनिटं आधीच. सहाही जण किनाऱ्यावर, तंबू लागलेत. समुद्र कसा आहे, मी विचारलं. कल्याणी म्हणाली, "आई, डॉल्फिन दिसले. अवनीनं सगळ्यांना वल्ही वर धरून गप्प बसवलं. त्यांच्यामागे जायचं नाही, ते येतील तर येतील. आले." मग म्हणाली, "आप्पासाहेब पहिल्यांदाच पाच मिनिटं बोलले नाहीत."

मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१ फेब्रुवारी, रविवार

दुपारी साडेचार. उतरले असतील. कागद समोर, फोन शेजारी.

पाच. फोन नाही. आवरायला वेळ लागत असेल.

पाच दहा. नुसतं बसवेना म्हणून दिनदर्शिका काढून मांडीवर घेतली. आज पौर्णिमा. पाऊण लावला. भरती सव्वाअकराला. सुकती सव्वापाचला.

म्हणजे आत्ता. आत्ता खाडीत पाणी नाही.

मागच्या रविवारी सप्तमी होती. साताचे पाऊणपट सव्वापाच. भरती सव्वापाचला. म्हणजे साडेचारला उतरायचं हे मागच्या रविवारच्या पाण्यावर ठरवलेलं होतं. आम्ही तारीख बदलली आणि वेळ तीच ठेवली. मीच उतरवलं, चांगल्या अक्षरात. दिवसभर पाऊण लावत फिरणारी मी, आणि या कागदाला पाऊण लावायचं सुचलं नाही.

पाच पंधरा. हे कळल्यावर खरं सांगायचं तर जीव भांड्यात पडला. काही झालेलं नाही, खाडीतल्या चिखलाच्या अलीकडे पाण्याची वाट बघत बसले असतील. खाडीत फोन लागत नाही, हे कल्याणीनं आधीच सांगितलं होतं. साडेसातपर्यंत पाणी चढेल, आत येतील, फोन करतील. पहिलीच सहल आहे. गावभर बोंब झाली तर पाहुणे काय म्हणतील? आप्पासाहेब तर चारचौघांत सांगत सुटतील. चूक झालीय ती आपल्यातच राहिलेली बरी.

पाच बावीस. साडेसातपर्यंत थांबावं. हिशोब चोख आहे.

पाच सव्वीस. त्या शनिवारीही माझ्याकडे कारण होतं. तेही चोखच होतं. गप्पा मारत बसले असतील.

साडेपाच. फोन करते.

रात्री आठ. सुखरूप आहेत.

तांडेलमामांनी पहिल्या झटक्यात उचलला. मी सांगितलं, फोन आला नाही, आणि पाण्याचंही सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलं भरतीबरोबर येतील. पण थांबा वहिनी, बघतोच." सहा वाजून गेले तरी त्यांचा फोन नाही. मी सागरी पोलिसांचा नंबर लावायला घेतला, तोच मामांच्या बायकोचा फोन आला. मामा चार माणसं घेऊन चिखलात उतरलेत. एक पाहुणा रुतलाय.

आप्पासाहेब. होड्या चिखलाला टेकल्या, तेव्हा अवनीनं सांगितलं होतं की कुणी उतरायचं नाही. "मी ढकलतो, दोन मिनिटांचं काम आहे," म्हणून ते उतरले आणि मांडीपर्यंत गेले. जितकी धडपड, तितके खाली. कल्याणी त्यांच्याशेजारी होडी आडवी लावून, त्यांचे हात होडीवर धरून तास-दीड तास पडून होती. शिट्ट्या वाजवत होते, पण धक्का वळणापलीकडे. आणि पाणी परत चढायला लागलं होतं. मी थांबणार होते ते ज्या पाण्यासाठी, तेच.

गावातली माणसं खेकडे पकडायला चिखलावर फळ्या टाकून जातात. त्याच फळ्या टाकून ते पोचले आणि पायाभोवती पाणी ओतून ओतून त्यांना सोडवलं. सुटले तेव्हा पाणी त्यांच्या छातीला लागलं होतं.

मी साडेसातची वाट बघणार होते. हे इथे लिहून ठेवते. पुसायचं नाही.

२ फेब्रुवारी

कल्याणी सकाळी आली. केसातसुद्धा चिखल. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "चूक माझी आहे. वेळ मी बघायला हवी होती." मी म्हटलं, कागद माझ्या अक्षरात आहे. अवनीनं फोन करून सांगितलं की चूक तिची आहे. तिघींना एकच चूक हवी होती.

मग मी तिला सांगितलं की मी थांबणार होते. मला पाण्याचा हिशोब लागला होता, म्हणून थांबणार होते.

"पण थांबली नाहीस."

"चार मिनिटं उरली होती."

"आई, तू केलास. वाजले आणि केलास." असं म्हणून ती इतकी रडली, की मला कळेना काय करावं. ती लहानपणापासून रडणारी नाही. चिखलात फार घाबरली असणार. मी पाठीवरून हात फिरवत बसले. "मी नव्हता उचल..." असं काहीतरी म्हणाली आणि पुढे बोलली नाही. मी म्हटलं, राहू दे.

अंघोळीला गेली तेव्हा तिची बॅग आवरायला घेतली. आतल्या कप्प्यात यांचा फोन होता, रुमालात गुंडाळलेला. मला म्हणाली होती बिघडलाय. पूर्ण चार्ज केलेला होता. बिघडलेला फोन कुणी चार्ज करतं का? जसा होता तसा परत ठेवला. तिला बरोबर बाबा हवे वाटत असतील.

७ फेब्रुवारी

आप्पासाहेब पेढे घेऊन आले. आमचा पत्ता शोधत आले बिचारे. खुर्चीत बसून बराच वेळ चपलांच्या दिशेनं बघत होते. मग म्हणाले, "माझा एक बूट तिथे चिखलात राहिला. अवनीबाईंनी नियम सांगितला होता, काही मागे ठेवायचं नाही."

मी म्हटलं, "तुम्ही परत आलात ना. बुटाचं माफ."

हसले. उठताना म्हणाले, "पुढच्या सहलीला माझं नाव घ्या. उतरू नका म्हटलं की उतरणार नाही."

कागदात नवी ओळ घातली आहे. तारखेखाली तिथी, तिथीखाली भरती आणि सुकती. तारीख बदलली तर कागद फाडायचा आणि कोऱ्यापासून करायचा, उतरवायचा नाही.

१४ फेब्रुवारी

ठरवलं. उद्या धरणावर मीही होडीत बसणार आहे.

कल्याणीला वाटलं थट्टा करतेय. मी म्हटलं, इतके परकर शिवले, एक घालून बघू दे. शिवाय डोकं खाली असताना पाण्यात काय दिसतं ते कुणी नीट सांगत नाही. सगळे म्हणतात, हिरवं. हिरवं म्हणजे कसलं हिरवं? वरून उजेड येतो की नाही?

"काकी, आधी उलटायचं. तीनदा," अवनीनं बजावलं. सवलत नाही. मीही मागितली नाही.

रंगरावांना सांगितलं तर म्हणाले, "बुडालात तर छत्रीचं कापड परत पाठवा." पुढे म्हणाले, "किती वाजता उतरणार? नाही, सहज विचारतो." मी वेळ सांगितली. त्यांनी ती दुकानातल्या पाटीवर खडूनं लिहिली.

नियमाप्रमाणे कागद केला. नाव, सुंदरा भीमराव. जागा, धरणाचं पाणी, काठापासून पन्नास पावलं. सकाळी आठला उतरणार, नऊला काठावर. किनाऱ्यावरचं माणूस, कल्याणी. पाण्यात बरोबर अवनी असेल.

कागद तिच्या हातात देताना मी तिचंच तिला ऐकवलं. विचार करायचा नाही. आई काहीतरी बघत बसली असेल, असं मनात आणायचं नाही. मला तशी खोड आहे हे तुला माहीत आहे, तरी नाही आणायचं.

"नाही आणणार," ती म्हणाली. "आणि अवनीकडे फोन आहे. तिनं पाण्यातून केला तर पहिल्या रिंगला उचलेन."

"अगं, दुसऱ्या रिंगला उचललास तरी चालेल. तिसऱ्याला उचललास तरी चालेल. एखादा नाहीच उचलता आला तरी काय? माणूस कामात असतं."

मी सहज म्हटलं. मग तिनं कागदाची नीट घडी केली आणि म्हणाली, "आई, परत एकदा म्हण ना."

काय ते मला कळलं नाही, पण म्हटलं.